सातपदरी मलमल

गोदूमाई माणसाचं तोंड नंतर बघायची. आधी डोळा. तुम्ही तिच्या दारात उभे राहिलात, काय काम आहे ते सांगायला लागलात, की तिचा अंगठा तुमच्या खालच्या पापणीवर आलाच. "वर बघ. खाली बघ. जा आता." दूधवाला असो, पोस्टमन असो. एकदा मत मागायला एक पुढारी गळ्यात हार घालून, दहा माणसं घेऊन आमच्या गल्लीत आला. माईनं त्याची पापणी ओढली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "रात को सोते नहीं क्या?" त्याचीच माणसं हसायला लागली. तो मत मागायचं विसरून पुढच्या दारी गेला.

आम्ही इंदरगंजच्या मागच्या गल्लीत राहतो. टोपी बाजारात मी पंचेचाळीस वर्षं शिंपीकाम केलं. शेरवान्या, कोट, लग्नाचे साफे. शाळा सातवीपर्यंत. पुढे जे लिहिलं ती लोकांची मापं. आमचे पूर्वज दक्षिणेतून मराठ्यांच्या फौजेबरोबर इथे हिंदी मुलखात आले म्हणतात. त्यांच्या हातात तलवार होती, माझ्या वाट्याला कैची आली. माई आमच्या समोरच्या घरात तळमजल्याला राहायची. तिचं सासर पुजाऱ्यांचं. नवरा लवकर गेला, पोरबाळ नाही, एक पुतण्या इंदूरला. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. इथे शिंप्याला मास्टर म्हणतात, तिनं माझं मास्तर केलं आणि शेवटपर्यंत तेच ठेवलं.

देवाशी ती मराठीत बोलायची. आमच्याशीही. राग आला की हिंदी. तिच्या घरातून हिंदी ऐकू आली की सुशीला, म्हणजे माझी बायको, म्हणायची, "गेला कोणीतरी." आणि खरंच थोड्या वेळानं भाजीवाला नाहीतर नळवाला मान खाली घालून बाहेर पडायचा.

डोळ्यांची औषधं तिला सासूकडून आली होती. संध्याकाळी मातीच्या कुल्हडात त्रिफळा भिजत घालायची आणि सकाळी ते पाणी गाळून बायकांना डोळे धुवायला द्यायची. गुलाबाच्या पाकळ्यांचं पाणी करायची. तुपाच्या दिव्यावर पितळेची ताटली उपडी धरून काजळ पाडायची. मोहल्ल्यात बाळ जन्मलं की पहिली डबी माईची. कोणाला रांजणवाडी आली तर लवंग उगाळून लावायची. वीज मोजायला येणारा माणूस एकदा डोळा सुजवून आला. त्याला तिनं मीटरपर्यंत पोहोचूच दिलं नाही, ओसरीवर बसवून लेप लावला. आठ दिवसांत बरा झाला. त्यानंतर तो दर खेपेला आधी माईच्या पाया पडायचा, मग मीटर बघायचा. रांजणवाडी अशीही आठ दिवसांत जाते, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा आम्हाला वाटलं लवंगेनं गेली.

पाणी गाळायला तिला मलमल लागायचं. साधं चालायचं नाही. साफ्याचं, बारीक विणीचं, धुऊन खळ काढलेलं. त्याचे सात पदर करायची. घाई असली तरी सहा नाहीत. "एक कण कोणाच्या डोळ्यात गेला तर पाप माझं," म्हणायची. माझ्याकडे साफ्यांचे तुकडे उरायचे, ते मी तिला द्यायचो. म्हणजे तिच्या औषधात माझाही हात होता. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं तिच्या एकटीच्या डोक्यावर बसेल.

मोतीबिंदूचं औषध वेगळं. पांढऱ्या कांद्याचा रस, आल्याचा रस, लिंबू आणि मध. तेही सात पदरांतून गाळलेलं. सकाळ-संध्याकाळ एक थेंब, चाळीस दिवस. थेंब पडला की माणूस जागच्या जागी उडायचा. डोळ्यातून पाण्याची धार लागायची. माई डोकं धरून ठेवायची आणि म्हणायची, "झोंबतंय ना? म्हणजे कापतंय." पाणी ओसरलं की थोडा वेळ सगळं लख्ख वाटायचं. मीही एकदा घालून घेतलं होतं. खरंच वाटतं. रडून झालं की कोणालाही लख्ख दिसतं.

आता सुईचं सांगतो. इकडच्या बायका शरद पौर्णिमेच्या चांदण्यात सुईत दोरा ओवतात. त्यानं डोळ्यांची रोशनी वाढते म्हणतात. आपल्याकडे त्याच दिवशी कोजागिरीचं दूध. माईनं दोन्ही एकत्र केलं आणि त्याची परीक्षा करून टाकली. चंद्र वर आला की गल्लीतल्या बायका आमच्या छतावर जमायच्या. दूध एका बाजूला आटत असायचं. माई चटईवर बसायची, मांडीवर लाल फ्लॅनेलचा तुकडा, त्यात सुई. सुई माझ्याकडची, बारीक नेढ्याची. एकेक बाई पुढे यायची. पहिल्या झटक्यात ओवली तर पास, दुधाचा पेला मिळायचा. नाही ओवली तर दूध मिळायचंच, पण दुसऱ्या दिवसापासून चाळीस दिवस थेंब. बायका आपसांत चिडवायच्या, हसायच्या. कोणी चष्मा घालून आली तर माई तो काढून मांडीखाली ठेवायची.

सुशीला दर वर्षी पास. ती माझ्या कामातली निम्मी कारागीर होती. काजं, बटणं, तुरपाई सगळी तिची. पाच-सहा वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू धरायला लागला तेव्हा माईनं तिला थेंब सुरू केले. त्या वर्षी कोजागिरीला तिनं सुई ओवली तेव्हा माई सगळ्यांना म्हणाली, "बघा. औषध कशाला म्हणतात ते बघा." पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षी तेच. चार कोजागिऱ्या. माईच्या औषधाचा पुरावा म्हणजे माझी बायको. इतर बायका तिचं नाव सांगून थेंब घालून घ्यायच्या.

आमची मुलगी भोपाळला शिकवते. तिला बेबी म्हणतो, आता तिचेच केस पिकलेत. ती फोनवर ओरडायची, "बाबा, ये क्या चल रहा है? आईच्या डोळ्यांत कांदा घालताय तुम्ही? ऑपरेशन करा ना, दस मिनट का काम है." मी सुशीलाला विचारायचो. ती म्हणायची, मला दिसतंय की, सुई ओवते मी. मग मी बेबीला सांगायचो, तुझी आई सुई ओवते, तू ओवून दाखव.

एकदा एका नवरदेवाच्या गडद निळ्या कोटाला सुशीलानं काळ्या दोऱ्यानं काजं केली. टाका सरळ, एकसारखा, नेहमीसारखा. दोरा मात्र काळा. मी विचारलं तर म्हणाली, ट्यूबलाइट मंद झालीय. मी ट्यूबलाइट बदलली.

चौथ्या कोजागिरीनंतर, थंडी पडायला लागली तेव्हा, तिचा उजवा डोळा लाल झाला. डोकं त्या बाजूनं फुटायला लागलं. उलट्या झाल्या. आम्हाला वाटलं पित्त आहे. माई सकाळ-संध्याकाळ येऊन डोकं मांडीवर घेऊन बसायची. थेंब घालायची, दुधाच्या घड्या ठेवायची. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी बेबी पहिल्या गाडीनं आली आणि आईला ऑटोत घालून कंपू भागातल्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. मी मागच्या ऑटोनं गेलो.

डॉक्टर तरुण होता, शांतपणे बोलला. मोती पिकून फुगला, आतला दाब वाढला, डोळ्याची नस गेली. दुखणं औषधानं थांबेल, नजर परत येणार नाही. डावा डोळा वाचेल, पण लवकर करा. मग त्यानं विचारलं, एवढे दिवस थांबायला कोणी सांगितलं? सुशीला म्हणाली, "कोणी नाही."

घरी आल्यावर मी तिला एकच विचारलं. दिसत नव्हतं तर सुई कशी ओवलीस? तिनं उशीवर पडल्या पडल्या हात पुढे केला, चिमूट दाखवली. "अहो, सुई काय डोळ्यानं ओवतात? बोटाला दिसते ती." मग म्हणाली, तिच्या वडिलांचा डोळा जुन्या काळी ऑपरेशनमध्ये गेला होता, तिला चाकूचं भय वाटायचं. आणि सगळ्या बायकांसमोर माईचं औषध खोटं कसं पाडायचं. पहिल्या वर्षी गंमत म्हणून ओवली. मग दर वर्षी ओवावी लागली.

मी तसाच उठून माईकडे गेलो. काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. तुमच्या कांद्यानं माझ्या बायकोचा डोळा खाल्ला, एवढं लिहितो. माई कुल्हड धूत होती. मला वाटलं आता हिंदी सुरू होणार. नाही झाली. ती मराठीतच बोलली, आणि फार हळू.

"मग चार वर्षं सुई कशी ओवली तिनं?"

मी सांगितलं. आमच्या धंद्यात दोरा सुईत घालत नाहीत. दोऱ्याचं टोक चिमटीत गच्च धरायचं, नखाएवढंही बाहेर ठेवायचं नाही, आणि सुई त्यावर आणायची. हात बसला की अंधारातही होतं.

माईनं हात पुसले. देवामागून लाल फ्लॅनेल काढलं. सुई घेतली, दोरा घेतला, डोळे मिटले आणि ओवायला बसली. नाही जमलं. पुन्हा. नाही जमलं. दहा-बारा वेळा केलं असेल. मी उभा होतो. मग डोळे उघडून ती माझ्याकडे बघत राहिली.

"मी पुजाऱ्याच्या घरची बाई," ती म्हणाली. "मला काय ठाऊक, बोटाला दिसतं म्हणून. तुम्ही तर शिंपी, मास्तर. दर वर्षी छतावर उभे असायचात. तुम्हाला ठाऊक होतं ना?"

मी घरी आलो. उत्तर होतं. मीच सुशीलाला शिकवलं होतं, लग्न होऊन आली तेव्हा. विजेचा ठिकाणा नसायचा त्या काळी. चिमणीच्या उजेडात बसून मी तिला म्हणालो होतो, डोळे मीट आणि कर. सगळ्या गल्लीत एकट्या मला ठाऊक होतं की शिंप्याच्या बायकोची ही परीक्षा घेण्यात अर्थ नाही. ते डोक्यात आलं नाही असं म्हणता येत नाही. मला ते डोक्यात येऊ द्यायचं नव्हतं. माझी काजं सरळ येत होती.

दुसऱ्या दिवशी माईच्या ओसरीवर बायका आल्या त्या तशाच परत गेल्या. कुल्हडं पालथी घातलेली होती. त्यानंतर तिनं कोणाच्या डोळ्याला आपलं औषध लावलं नाही. लवंगसुद्धा नाही.

मी तिच्याशी बोलणं टाकलं. सुशीलानं नाही टाकलं. डावा डोळा करायची तारीख आली आणि ही हट्टाला पेटली, नाही जाणार. बेबी रडली, मी ओरडलो. शेवटी सुशीला म्हणाली, माईला बोलवा. माई आली, दारातच उभी राहिली, आत येईना. सुशीला म्हणाली, "माई, तुम्हाला तरी कुठे दिसतंय. मागच्या वर्षी दूध पेल्याबाहेर ओतलंत तुम्ही, चटई पुसली मी. सगळ्यांना सुई दिलीत, स्वतः कधी ओवलीत का? तुम्ही एक डोळा करून घ्या, मी एक करते. नाहीतर कोणीच नको."

मला वाटलं माई आता तरी हिंदीत जाईल. ती मराठीतच म्हणाली, "कधी जायचं?"

तर दोघींचे डोळे एकाच दिवशी झाले. आधी माईला आत नेलं. जाताना तिनं नर्सची पापणी ओढून बघितली. सुशीला बाहेर माईच्या चपला मांडीवर घेऊन बसली होती, हरवतील म्हणून. मग ही आत गेली तेव्हा माई एका डोळ्यावर पट्टी घेऊन हिच्या चपला धरून बसली. घरी आल्यावर दोघींना काळे चष्मे आणि दवाखान्याचे थेंब. सुशीला माईला थेंब घालायची, माई सुशीलाला. पहिल्या दिवशी माईनं बाटली हुंगून विचारलं, "झोंबत नाही गं. काम तरी करतंय का?" सुशीला इतकी हसली की डॉक्टरनं हसायला मनाई केलीय का, असं मला बेबीला विचारावं लागलं.

काही दिवसांनी माईचा चष्मा उतरला. सकाळी तिच्या घरातून मोठमोठ्यानं हिंदी ऐकू यायला लागली. बऱ्याच दिवसांनी. आम्ही गेलो तर ती देवांवर ओरडत होती. ताम्हनाला हिरवा थर, समईवर काजळी, कोपऱ्यात जाळी. "एवढ्या घाणीत बसवलंय मी यांना आणि कोणी बोललं नाही," म्हणाली. मग म्हणाली, "आणि मास्तर, तुम्ही केवढे म्हातारे झालात." सुशीला माझ्या मागून पुढे आली. माईनं तिच्याकडे वळून बघितलं आणि थांबली.

सुशीलाचा उजवा डोळा तोवर पांढरा पडला होता, जरा बाहेरच्या बाजूला फिरला होता. आमच्या नजरेला सवय झाली होती. माईनं तो तोवर कधी नीट बघितलाच नव्हता. धुक्यात बघितला असेल. आता ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं बघत होती. तिचा अंगठा सवयीनं वर गेला, हिच्या गालापर्यंत आला. पापणी ओढली नाही. वर बघ, खाली बघ, म्हणाली नाही. तसाच अंगठा गालावर ठेवून उभी राहिली. सुशीलाच म्हणाली, "माई, चहा ठेवा. साखर घालताना बघून घाला आता."

त्यानंतर माईचं एकच काम. ओसरीवर बसायची, येणाऱ्याजाणाऱ्याची पापणी ओढायची, आणि म्हणायची, कंपूला जा. जो टाळाटाळ करायचा त्याच्याबरोबर स्वतः जायची, नंबर लावायची, चपला सांभाळायची. दवाखान्यातले लोक तिला ओळखायला लागले होते. कोजागिरीला आमच्या छतावर दूध आटलं, सुई कोणी मागितली नाही.

एका डोळ्यावर सुशीलानं दोन वर्षं काढली. काजंही केली थोडी. मी निळा दोरा तिच्या हातात देताना निळा म्हणून सांगायचो आणि ती म्हणायची, दिसतोय. गेल्या पौषात ती गेली. डोळ्याचा संबंध नाही, छातीत दुखलं. बेबी चौदा दिवस राहिली आणि गेली. आता मशीनवर कापड टाकलेलं आहे. सकाळी उठून काय करायचं हे मला कोणी शिकवलेलं नाही.

माई त्या दिवसांत रोज येऊन दारात बसायची. बोलायची नाही. मीही नाही. होळीनंतर पुतण्या आला आणि तिला इंदूरला न्यायचं ठरलं. एकटी राहण्यासारखी राहिली नव्हती, पाय सुजायचे.

निघायच्या सकाळी ती माझ्याकडे आली. हातात एक गाठोडं होतं. उघडलं तर सगळं मलमल. इतक्या वर्षांचे तुकडे, धुतलेले, त्रिफळ्यानं पिवळे पडलेले, सात-सात पदरांच्या घड्या अजून तशाच घातलेल्या. "तुमचं होतं, मास्तर," म्हणाली.

मी ठरवून ठेवलं होतं. आता नाही तर कधीच नाही. म्हणालो, "माई, ते सुईचं. मला ठाऊक होतं."

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली.

मग तिचा अंगठा माझ्या पापणीवर आला. "वर बघा. खाली बघा." दोन्ही डोळे बघितले. "डाव्यात धरलाय. कंपूला जा."

"जातो."

"कधी?"

बाहेर पुतण्या हाका मारत होता.

ऑटोत सामान चढलं, माई मागे बसली. ऑटोवाला म्हातारासा होता. अम्मा, ठीक बैठी हो ना, असं विचारायला तो मागे वळला आणि माईनं त्याची पापणी धरली. "ऊपर देख. नीचे देख." पुतण्या म्हणाला, काकू, गाडी चुकेल. तिनं ऐकलं नाही. हिंदीत होती, पण आवाजात राग नव्हता. त्या माणसाला म्हणाली, "भैया, कंपू चले जाना. बड़े अस्पताल." तो म्हणाला, हाँ अम्मा, जाएँगे. "किस दिन?" तो हसला. तिनं हात काढला नाही. ऑटो धडधडत उभी, मागे दोन गाड्या हॉर्न देतायत, पुतण्या घड्याळ बघतोय आणि माई ऑटोवाल्याचा डोळा धरून बसलेली. शेवटी तो म्हणाला, "मंगल को, अम्मा. मंगल को पक्का."

तेव्हा तिनं हात सोडला.

मंगळवारी मीही कंपूला गेलो. नंबर लागेपर्यंत माझ्याच चपला मांडीवर घेऊन बसलो आणि दाराकडे बघत राहिलो. ऑटोवाला आला नव्हता.